पतसंस्थेचा मराठी अहवाल दृष्टिहीन सभासदाला ऐकता यावा, यासाठी नेमके काय करावे?

आपल्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला उद्देशून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण कोपरखैरणे येथील एका पतसंस्थेच्या कार्यालयात काम करता. संस्थेच्या संकेतस्थळावर वार्षिक अहवाल, सर्वसाधारण सभेची नोटीस, ठेवींच्या व्याजदरांचे तक्ते आणि कर्जाचे अर्ज पीडीएफ स्वरूपात ठेवलेले आहेत. एका दृष्टिहीन सभासदाने लेखी कळवले आहे की, अहवाल उघडला की फोन अगम्य इंग्रजी अक्षरे बोलू लागतो आणि नोटीस उघडली की काहीच बोलत नाही. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या गृहस्थांनी यावर वार्षिक शुल्क घेऊन एक ‘सुगम्यता पट्टी’, म्हणजे पानावर अक्षरे मोठी करणे, मजकूर मोठ्याने वाचणे अशी बटणे दाखवणारी जोडणी, बसवून देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. ती घ्यावी का, आणि न घेतल्यास तीन माणसांच्या कार्यालयाने सभेपूर्वी काय करावे, असे आपण विचारले आहे.

पट्टी घेऊ नये, निदान या तक्रारीवरचा उपाय म्हणून तरी घेऊ नये. सभासदाची अडचण संकेतस्थळावर निर्माण झालेली नाही. ती अहवाल टंकित झाला तेव्हा आणि नोटीस स्कॅन केली तेव्हाच निर्माण झाली, आणि संकेतस्थळावर ती केवळ उघड झाली. ठाणे आणि नवी मुंबईतील सहकारी संस्था, शाळा व विश्वस्त संस्था यांचे दस्तऐवज सुगम्य करून देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि मराठी फाइल माझ्याकडे आली की रंग, आकार, टॅग (फाइलीत रचनेसाठी घातलेल्या अदृश्य खुणा) यांपैकी कशाकडेही न वळता मी पहिला प्रश्न हा विचारतो की, या फाइलीत मराठी मजकूर खरोखर आहे का. डोळ्यांना मराठी दिसते याचा अर्थ फाइलीत मराठी आहे असा होत नाही.

त्याआधी एक छोटी खातरजमा करून घ्यावी. सभासदाच्या फोनमध्ये मराठी वाचणारा आवाज बसवलेला आहे की नाही, हे त्यांनाच विचारावे. अँड्रॉइडवर टॉकबॅक ही पडदा वाचून दाखवणारी सोय आणि गुगलचा मराठी आवाज विनामूल्य मिळतो, परंतु काही फोनमध्ये आवाजाची भाषा केवळ इंग्रजी किंवा हिंदी ठेवलेली असते. त्यांना व्हॉट्सॲपवर दोन ओळींचा साधा मराठी संदेश टंकून पाठवावा. तो त्यांच्या फोनने नीट वाचला, तर दोष आपल्या फाइलीत आहे. आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज तोच आहे, तरी ही तपासणी करून घेतल्याने पुढचा वाद टळतो.

आता फाइलीची परीक्षा. संगणकावर अहवालाची पीडीएफ उघडून एखादा परिच्छेद निवडावा, त्याची नक्कल घ्यावी आणि ती नोटपॅडमध्ये चिकटवावी. वर्डमध्ये चिकटवू नये, कारण तेथे जुना फॉन्टही सोबत येतो आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. मजकूर निवडताच येत नसेल, तर ते पान म्हणजे केवळ चित्र आहे. आपली नोटीस बहुधा या प्रकारची आहे. रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा खच पडला, तर मजकूर श्री-लिपी, शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकित झालेला आहे. अशा फॉन्टमध्ये साठवलेले असते ते रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, हा आकार पाहत नाही, साठवलेला संकेत वाचतो. म्हणून आपल्या सभासदाच्या फोनने इंग्रजी अक्षरे उच्चारली, आणि त्याने ते काम चोखच केले.

तिसराही एक प्रकार आहे, आणि तो फसवा आहे. नोटपॅडमध्ये मराठीच उमटते, पण वेलांट्या आणि रफार जागा सोडून बसलेले असतात, जोडाक्षरे तुटलेली असतात, मध्येच एखादे अक्षर गळालेले असते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेल्या जागतिक पद्धतीत, टंकलेल्या मजकुराची पीडीएफ करतानाही असे घडू शकते. त्याचे कारण पीडीएफच्या घडणीत आहे. पीडीएफ ही मुळात छपाईच्या पानाची प्रतिमा हुबेहूब राखण्यासाठी घडवलेली रचना असल्यामुळे तिच्यात अक्षरांचे आकार ज्या क्रमाने कागदावर उमटतात त्या क्रमाने मांडलेले असतात. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी काढली जाते, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफार शेवटी काढला जातो, पण त्याचा ‘र्’ आधी साठवला जातो. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने आकार आणि मूळ अक्षरे यांचा मेळ फाइलीत नीट नोंदवला नसेल, तर वाचताना हा क्रम विस्कटतो. म्हणून मी पीडीएफमध्ये ‘आर्थिक’ हा शब्द शोधून पाहतो. त्यात रफारही आहे आणि ऱ्हस्व वेलांटीही, शिवाय कोणत्याही पतसंस्थेच्या अहवालात तो पहिल्या पानावरच असतो. शोध लागला, तर बहुधा पुढचा मजकूरही ठीक निघतो. समोर शब्द दिसत असताना शोध लागला नाही, तर ती फाइल स्क्रीन रीडरसाठी निकामी समजावी.

येथपर्यंतचा निष्कर्ष असा की आपली नोटीस हे चित्र आहे, अहवाल जुन्या फॉन्टमध्ये आहे, आणि दोन्हींवरचा उपाय मूळ मजकूर युनिकोडमध्ये असणे हाच आहे. प्रस्तावित पट्टी यांपैकी काहीही करू शकत नाही, कारण ती संकेतस्थळाच्या पानावर काम करते, पीडीएफच्या आत शिरून जुन्या फॉन्टचे युनिकोड करत नाही. अक्षरे मोठी करणे, रंग उलटवणे, मजकूर मोठ्याने वाचणे या तिच्या सोयी दृष्टिहीन वापरकर्त्याकडे त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये आधीच असतात, आणि अनेकदा पट्टीचा आवाज आणि स्क्रीन रीडरचा आवाज एकाच वेळी सुरू होऊन घोटाळा वाढतो. स्वयंचलित साधनाने संकेतस्थळ आंतरराष्ट्रीय निकषांना उतरते, असा दावा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये अशीच पट्टी विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीविरुद्ध कारवाई करून तिला १० लाख डॉलर भरण्यास सांगितले, ही गोष्ट आपल्या संचालक मंडळासमोर ठेवण्यास हरकत नाही. पट्टीचे पैसे वाचवून ते अहवाल पुन्हा टंकित करण्यासाठी वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अहवाल युनिकोडमध्ये कसा आणावा, याचे उत्तर मात्र आपल्या हाती काय आहे त्यावर अवलंबून आहे. मूळ वर्डची किंवा पेजमेकर या पृष्ठरचनेच्या प्रोग्रॅमची फाइल छापखान्याकडे असेल आणि फॉन्टचे नाव ठाऊक असेल, तर रूपांतरण करणारी साधने मिळतात आणि मजकुराचा बराच मोठा भाग ती बरोबर उतरवतात. चुका ठरावीक जागी होतात. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतील ऱ्य बिघडून ‘दुसर्या’ होतो. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ असलेले शब्द मोडतात. श्र, कृ, द्य, ट्ट यांसारखी जोडाक्षरे तपासावी लागतात. आणि विसर्गाच्या जागी अपूर्णविराम येतो. हा शेवटचा दोष रूपांतरणाशिवायही सर्वत्र आढळतो, कारण कळफलकावर विसर्ग सापडला नाही की टंकणारा ‘दुःख’ किंवा ‘स्वतः’ यांत सरळ दोन टिंबे देऊन मोकळा होतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही. स्क्रीन रीडर मात्र शब्दाच्या मध्येच विराम समजून अडखळतो, आणि शोधही फसतो.

फक्त छापील प्रत किंवा स्कॅन हाती असेल, तर ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे, करावे लागेल. गुगल ड्राइव्हमधील सोय आणि टेसरॅक्ट हा विनामूल्य प्रोग्रॅम दोन्ही मराठी ओळखतात, आणि स्वच्छ छपाईच्या सलग मजकुरावर त्यांचे काम समाधानकारक असते. तक्त्यांच्या बाबतीत मी त्यांच्यावर विसंबत नाही. १ आणि ९ यांची अदलाबदल, शून्याचा अनुस्वार होणे, रकाने एकमेकांत मिसळणे हे नेहमीचे आहे, आणि ताळेबंदातील एका अंकाची चूक ही शुद्धलेखनाची चूक नसते. म्हणून ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकातील आकडे आपल्या हिशेबाच्या प्रोग्रॅममधून नव्याने घ्यावेत आणि बेरजा मेळवून पाहाव्यात. ओसीआर केवळ मनोगत, कार्यवृत्त आणि ठराव यांच्यासाठी वापरावे.

पुढील वर्षापासून हा खटाटोपच करावा लागू नये, यासाठी एक साधी व्यवस्था लावावी लागते. अहवालाचा मजकूर संस्थेच्या कार्यालयातच युनिकोडमध्ये टंकावा. त्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आयताच उपलब्ध असतो. तीच फाइल छापखान्याला द्यावी. आजच्या पृष्ठरचनेच्या प्रोग्रॅममध्ये युनिकोड देवनागरी नीट बसते, तरी ठाण्यातील काही छापखाने अजूनही जुन्या फॉन्टला धरून आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. छपाईसाठी त्यांनी हवे ते रूपांतर करावे. संकेतस्थळावर मात्र आपली मूळ फाइल जाईल, हे आपण ठरवून टाकावे. यात एकच धोका आहे. प्रूफ तपासताना अध्यक्षांनी सुचवलेले बदल छापखान्यातील प्रतीवर होतात आणि मूळ वर्ड फाइलीत येत नाहीत, मग छापील अहवाल एक सांगतो आणि संकेतस्थळ दुसरेच. यासाठी दुरुस्ती आधी आपल्या फाइलीत करावी आणि नंतरच छापखान्याला कळवावी, हा नियम कार्यालयातील एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावा.

मजकूर युनिकोड झाला की रचनेचा प्रश्न येतो. अहवाल साठ पानांचा असेल, तर डोळस सभासद पाने उलटून थेट लाभांशाच्या ठरावावर जातो. दृष्टिहीन सभासदाला तसे जाता यावे, यासाठी मथळे हे वर्डमधील शीर्षकाच्या शैलीनेच दिलेले असावेत. अक्षरे ठळक आणि मोठी केल्याने मथळा दिसतो, पण स्क्रीन रीडरच्या लेखी तो सामान्य ओळच राहतो आणि ‘पुढच्या मथळ्यावर जा’ या त्याच्या आज्ञेला तो सापडत नाही. क्रमांकित विषयपत्रिका हाताने आकडे टंकून न करता यादीच्या सोयीने करावी. ओळी खाली ढकलण्यासाठी एंटर आणि शब्द सरकवण्यासाठी स्पेस वापरू नये. संपूर्ण मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी, अन्यथा तो इंग्रजी समजला जाऊन आवाज चुकीचा लागू शकतो.

ताळेबंदाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सहकारी संस्थांच्या अहवालात सर्वांत मोठी गफलत तेथे होते. आपल्याकडील रूढ नमुन्यात डाव्या बाजूस भांडवल व देणी आणि उजव्या बाजूस जिंदगी व येणी असतात, आणि दोन्ही बाजूंना मागील व चालू वर्षाच्या रकमा असतात. कागदावर ही मांडणी अर्थपूर्ण आहे. स्क्रीन रीडर मात्र तक्ता आडव्या ओळीने वाचतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘मागील वर्षाची रक्कम, राखीव निधी, चालू वर्षाची रक्कम, मागील वर्षाची रक्कम, बँकेतील शिल्लक, चालू वर्षाची रक्कम’ असे एका दमात ऐकू येते, जणू राखीव निधीचा आणि बँकेतील शिलकेचा काही संबंध आहे. यावर उपाय म्हणून छापील अहवालात रूढ नमुना तसाच ठेवावा आणि संकेतस्थळावरील प्रतीत त्याचे दोन स्वतंत्र तक्ते करावेत. आधी देणी व नंतर येणी असा क्रम ठेवावा, आणि प्रत्येकात तपशील, मागील वर्ष आणि चालू वर्ष असे तीनच रकाने असावेत. पहिली ओळ ही शीर्षकाची ओळ असल्याचे वर्डमध्ये नोंदवावे, घरे एकत्र जोडू नयेत, रिकामे रकाने ठेवू नयेत, आणि ‘वरीलप्रमाणे’ किंवा खालीवर टिंबे देण्याऐवजी प्रत्येक घरात आकडा लिहावा. ठेवींच्या व्याजदरांचा तक्ताही असाच करावा. ज्येष्ठ नागरिकांच्या जादा दराची तळटीप तारांकित चिन्हाने न देता वेगळ्या रकान्यात द्यावी. अशी प्रत दृष्टिहीन सभासदासाठी म्हणून केली जाते आणि फोनच्या अरुंद पडद्यावर वाचणाऱ्या सर्वांनाच ती सोयीची पडते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

छायाचित्रे आणि आलेख यांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचले जाणारे वर्णन, द्यावा. संचालकांच्या छायाचित्रास नाव आणि पद पुरेसे आहे. ठेवींच्या वाढीचा आलेख असेल, तर ‘ठेवींचा आलेख’ एवढे लिहून काहीच साधत नाही. कोणत्या वर्षी किती होत्या आणि आता किती झाल्या, हे वाक्यात लिहावे. पानाच्या कडेची नक्षी सजावटीची असल्याची खूण करावी, म्हणजे ती वाचली जात नाही.

लेखापरीक्षकांचा अहवाल आणि सभेची नोटीस यांवर सही-शिक्का हवा असतो, म्हणून त्या छापून, सही घेऊन स्कॅन केल्या जातात आणि मजकूर चित्र होऊन बसतो. सहीची प्रत काढून टाका, असे मी सांगणार नाही, कारण नोंदीसाठी ती लागतेच. नोटिशीचा संपूर्ण मजकूर संकेतस्थळाच्या पानावर थेट टंकलेला असावा आणि त्याखाली ‘स्वाक्षरी केलेली प्रत’ असा दुवा असावा. हाच नियम व्हॉट्सॲपलाही लावावा, किंबहुना तेथे आधी लावावा, कारण बहुतेक सभासदांपर्यंत नोटीस पोहोचते ती संकेतस्थळावरून नव्हे, गटावरच्या चित्रातून. चित्र जरूर पाठवावे, पण त्याच्या पाठोपाठ सभेचा दिनांक, वेळ, स्थळ आणि विषय असलेला टंकित संदेश पाठवावा. याला खर्च शून्य आहे आणि उद्यापासून करता येण्यासारखे आहे.

फाइल शेवटी कोणत्या स्वरूपात ठेवावी, यावर मतभेद आहेत. इंग्रजी दस्तऐवज असेल तर टॅग केलेली पीडीएफ पुरेशी ठरते. मराठीच्या बाबतीत वर सांगितलेल्या अक्षरक्रमाच्या अडचणीमुळे मी केवळ पीडीएफवर थांबण्याचा सल्ला देत नाही. छोटे दस्तऐवज, म्हणजे नोटीस, व्याजदर आणि अर्जासोबतच्या सूचना, संकेतस्थळाच्या साध्या पानावर मजकूर म्हणून असावेत. अहवालासारखा मोठा दस्तऐवज पीडीएफसोबत वर्ड किंवा ईपब (ई-पुस्तकाच्या) स्वरूपातही ठेवावा. वर्ड फाइलीत कोणी फेरफार करील, अशी भीती संचालक व्यक्त करतात. अधिकृत प्रत स्वाक्षरीची पीडीएफ हीच आहे, अशी ओळ वर्ड फाइलीच्या आरंभी लिहिल्याने ती शंका मिटते. पीडीएफ बनवताना वर्डमधील ‘सेव्ह ॲज’ वापरून दस्तऐवजाच्या रचनेचे टॅग समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा. प्रिंटच्या आज्ञेतून पीडीएफ काढली की ते टॅग नाहीसे होतात आणि मथळ्यांवर घेतलेली मेहनत वाया जाते. लिबरऑफिस वापरत असाल, तर तेथेही निर्यातीच्या वेळी टॅग्ड पीडीएफचा पर्याय आहे. वर्डमधील सुगम्यता तपासणीची सोय एकदा चालवून पाहावी. मात्र ती जुना फॉन्ट ओळखत नाही, त्यामुळे तिने दोष दाखवला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

संकेतस्थळाविषयी आता मोजकेच लिहितो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद असावी. बहुतेक मराठी संकेतस्थळांवर ती तयार नमुन्यातून आलेली इंग्रजीच राहून गेलेली असते, आणि हिंदी नोंदवलेली असली की उच्चार हिंदी वळणाचे होतात. हा एका ओळीचा बदल आहे, तो आपल्या माणसाकडून आजच करून घ्यावा. नेहमीच्या आकाराचे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाची तफावत किमान ४.५ : १ असावी, असे डब्ल्यूसीएजी हा आंतरराष्ट्रीय निकष सांगतो, आणि पिवळ्या पट्ट्यावरील पांढरी अक्षरे त्यात कधीच बसत नाहीत. मुखपृष्ठावरील सरकती सूचना पाच सेकंदांहून अधिक चालणार असेल, तर ती थांबवण्याची सोय हवी. माझ्या मते ती काढूनच टाकावी. अर्जातील प्रत्येक रकान्याला त्याचे नाव कोडमध्ये जोडलेले असावे, केवळ रकान्यात फिकट अक्षरांत लिहिलेले नसावे. चित्रातील अक्षरे ओळखण्याची परीक्षा अर्जात असेल, तर दृष्टिहीन व्यक्तीचा अर्ज तेथेच संपतो. माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर या कळींनी अर्ज पूर्ण भरता येतो का, हे आपण स्वतः करून पाहावे; थरथरत्या हातांच्या ज्येष्ठ सभासदांची अडचणही याच परीक्षेत उघड होते.

आपला प्रश्न दृष्टिहीन सभासदाविषयी असला, तरी श्रवणदोष असलेल्या सभासदांचा विचार सभेच्या निमित्ताने करावाच लागेल. अध्यक्षांच्या भाषणाचा मजकूर आधी संकेतस्थळावर ठेवणे आणि सभेच्या चित्रफितीला तपासलेली मराठी शीर्षके देणे हे आपल्या आवाक्यातले आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची गरज असल्यास वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे, आणि स्थानिक मार्गदर्शनासाठी वाशी येथील महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या ईटीसी केंद्राकडे चौकशी करता येईल.

कायद्याविषयी आपण थेट विचारलेले नाही, पण संचालक मंडळ विचारणारच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४६ मध्ये सेवा देणारे सरकारी असोत वा खासगी, त्यांनी सुगम्यतेच्या नियमांनुसार सेवा द्यावी, असे म्हटले आहे, आणि माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी या अधिनियमाखालील नियमांपैकी नियम १५(१) हा केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्यामुळे अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखण्यास सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांच्या प्रकरणांत ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीच्या, अडथळ्यांचा विचार करताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या आकाराच्या पतसंस्थेवर यातील कोणते बंधन नेमके कसे येते, हे आपल्या कायदेशीर सल्लागाराने सांगावे. सभेची नोटीस प्रत्येक सभासदाला कळेल अशी मिळणे हा तर सभासदत्वाचाच भाग असल्यामुळे त्यासाठी न्यायनिवाड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

वेळेचा हिशेब करता, वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, आणि त्याआधीचे आठवडे आपल्या कार्यालयात कसे असतात याची मला कल्पना आहे. म्हणून क्रम असा ठेवावा. या आठवड्यात नोटीस टंकून पानावर आणि गटावर द्यावी व भाषेची नोंद बदलून घ्यावी. त्यानंतर ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाचे विभागलेले तक्ते करावेत, कारण सभेत मतदान त्यांवर व्हायचे आहे. उरलेल्या अहवालाचे युनिकोड रूपांतर त्यानंतर घ्यावे, आणि ते सभेपूर्वी पुरे झाले नाही, तर निदान ठराव आणि कार्यवृत्त तरी द्यावे.

प्रकाशित करण्यापूर्वी फाइल ऐकून पाहावी. एनव्हीडीए हा विंडोजवरील विनामूल्य स्क्रीन रीडर मराठी वाचतो. त्याचा आवाज यांत्रिक आहे, पण दोष शोधण्यासाठी तो उत्तम. पडदा बंद ठेवून केवळ ऐकत लाभांशाच्या ठरावापर्यंत पोहोचता येते का, हे पाहावे. त्यानंतर ती फाइल तक्रार करणाऱ्या सभासदाकडे पाठवावी आणि ते रोज वापरतात त्या फोनवर ती कशी वाचली जाते, हे त्यांना विचारावे. हे त्यांनी उपकार म्हणून करावे, अशी अपेक्षा ठेवू नये. तपासणीचे काम करून घेत असाल, तर त्याचे मानधन द्यावे. त्यांना वर्ड हवे की ईपब, हेही त्यांनीच सांगू द्यावे, कारण काही जण मजकूर कानाने ऐकतात, तर काही ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचतात.

जुन्या अहवालांचे काय, असे आपण शेवटी विचारले आहे. संकेतस्थळावर मागील दहा-बारा वर्षांचे अहवाल असतील, तर ते सगळे रूपांतरित करण्याच्या मागे आत्ता लागू नये. चालू वर्षाचा अहवाल, संस्थेचे उपविधी, व्याजदर आणि प्रचलित अर्ज एवढे आधी पूर्ण करावेत. जुन्या फाइलींच्या यादीच्या वर ‘यांपैकी कोणताही दस्तऐवज वाचता येण्याजोग्या स्वरूपात हवा असल्यास कार्यालयास कळवावे’ अशी ओळ, संपर्काचा दूरध्वनी आणि किती दिवसांत दिला जाईल ती मुदत लिहावी, आणि मुदत तीच लिहावी जी तीन माणसांच्या कार्यालयाला खरोखर पाळता येईल.